फिल्टरला 'पण' कळत नाही

डेटाबेसवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, क्वेरीतली सगळ्यात धोक्याची जागा कुठली? तो सांगेल, 'व्हेअर'. ज्यांचा या भानगडीशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी सोप्या भाषेत सांगते. लाखो नोंदींमधून हव्या तेवढ्याच उचलायच्या असतील तर 'व्हेअर' लिहून पुढे अट घालायची. शहर पुणे. वय २५ ते २७. अट जास्तच आवळली गेली तर प्रोग्राम बोंबलत नाही, लाल अक्षरात एरर येत नाही. निमूटपणे कमी नोंदी येतात. आणि ज्या आल्या नाहीत, त्या होत्या हे तुम्हाला कधी कळतच नाही.

हे पुराण आज लावायचं कारण म्हणजे लग्न. (घाबरू नका, पत्रिका छापायला टाकलेली नाही.) गेलं दीड वर्ष आमच्या घरी 'बघणं' चालू आहे. आई बघतेय, बाबा बघतायत, मधूनमधून मीही बघतेय. आणि ज्या संकेतस्थळांवरून हे चाललंय त्यांच्या पोटात काय गडबड चालते, ते रोजच्या कामामुळे मला साधारण कळतं. म्हणून म्हटलं, या विषयावर दोन शब्द लिहावेत.

इंटरनेटमुळे जोडपी भेटण्याची तऱ्हा बदलली, असं सगळेच म्हणतात. अमेरिकेपुरतं ते अगदी आकड्यांनिशी खरं आहे. स्टॅनफर्डचे समाजशास्त्रज्ञ मायकेल रोझेनफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे जोडपी कुठे भेटतात याची पाहणी केली आणि २०१९ साली ती प्रसिद्ध केली. १९९५ साली तिथली एक तृतीयांश जोडपी मित्रमैत्रिणींच्या ओळखीतून भेटत होती. २०१७ पर्यंत तो आकडा २० टक्क्यांवर आला. घरच्यांच्या ओळखीतून भेटणं १५ वरून ७ टक्के झालं. आणि २०१७ साली भेटलेल्या स्त्री-पुरुष जोडप्यांपैकी सुमारे ३९ टक्के ऑनलाईन भेटली होती. साधारण २०१३ च्या आसपास इंटरनेटने मित्रांना मागे टाकलं. थोडक्यात काय, तिकडे मधला माणूस गेला.

आपल्याकडे? आपल्याकडे मधला माणूस गेला असं वाटतं खरं. पण तो कुठेही गेलेला नाही, तो फॉर्ममध्ये जाऊन बसलाय.

म्हणजे कसं ते सांगते. कॉम्प्युटरने जोड्या लावायची कल्पना इंटरनेटपेक्षा बरीच जुनी आहे. १९६५ साली हार्वर्डच्या पोरांनी 'ऑपरेशन मॅच' नावाचा उद्योग काढला होता. तीन डॉलर भरायचे, प्रश्नावली भरून द्यायची, मग आयबीएमच्या मशीनवर ती चालवून तुम्हाला काही नावं मिळायची. १९९५ साली मॅच डॉट कॉम आलं. त्यानंतर दोनेक वर्षांतच आपल्याकडची विवाहस्थळंही आली. भारत मॅट्रिमनी १९९७ साली सुरू झालं तेव्हा त्याचा संस्थापक अमेरिकेत सॉफ्टवेअरचंच काम करत होता, आणि त्याचं स्वतःचं लग्नही त्याच संकेतस्थळावरून जुळलं. स्वतःचं प्रॉडक्ट स्वतः वापरावं ते असं :)

पण एक फरक बघा. तिकडच्या फॉर्मने विचारलं, तुला काय आवडतं? सिनेमा कुठला, फिरायला कुठे जातोस, राजकारणात कुठल्या बाजूचा? आपल्या फॉर्मने आधी विचारलं, हे प्रोफाईल कोण बनवतंय? स्वतः, आईवडील, भाऊ-बहीण, की नातेवाईक? मग जात, पोटजात, गोत्र, रास, नक्षत्र, नाडी, मंगळ. मग उंची, पगार, भाऊ किती, त्यांपैकी लग्न झालेले किती. म्हणजे रविवारच्या पुरवणीतल्या 'वधू पाहिजे'च्या जाहिरातीत आणि वधू-वर मेळाव्याच्या वहीत जे प्रश्न होते, तेच. 'गोरी, सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष' यातला 'गोरी' हा शब्दसुद्धा ड्रॉपडाऊनमध्ये आला आणि पुष्कळ वर्षं टिकला. शादी डॉट कॉमवरून त्वचेच्या रंगाचा फिल्टर निघाला तो २०२० च्या जूनमध्ये, लोकांनी ओरड केल्यावर.

मग नवीन काय झालं? माझ्या मते एकच गोष्ट नवीन झाली, आणि ती फार मोठी आहे. प्रश्न तेच राहिले, उत्तरातला 'पण' गेला.

जुन्या बायोडेटामध्ये सगळ्यात शेवटी एक ओळ असायची. 'अपेक्षा: अनुरूप'. आम्ही कॉलेजात यावर भरपूर हसायचो. अनुरूप म्हणजे काय डोंबल? मोजणार कसं? आता वाटतं, भलती हुशार ओळ होती ती. तिला चौकट नव्हती. 'अनुरूप'मध्ये पाच फूट तीन इंचही बसायचे आणि पाच फूट नऊही. कोण बसतं ते ठरवायला कुणीतरी माणूस लागायचा, आणि तो माणूस बोलताना 'पण' वापरायचा.

आमच्या घराण्यातला हा माणूस म्हणजे माझी आत्या, बाबांची थोरली बहीण. तिने चार लग्नं जमवली, त्यातलं एक माझ्या आई-बाबांचं. १९९३ सालची गोष्ट. आई बाबांपेक्षा आठ महिन्यांनी मोठी. शिवाय साताऱ्याला बँकेत कायम नोकरीला, आणि बाबा भोसरीच्या एका कारखान्यात कंत्राटावर. म्हणजे मुलगी वयाने मोठी आणि पगारानेही मोठी. आजोबांनी पत्रिका न बघताच नकार दिला होता. आत्या म्हणाली, "मोठी आहे खरी, अण्णा. पण त्या घरी मी चारदा जाऊन आलेय. ती मुलगी बोलायला लागली की सगळं घर ऐकतं. आपल्या बंड्याला अशीच हवी." बंड्या म्हणजे आमचे बाबा.

आज हेच दोघं एखाद्या संकेतस्थळावर असते तर? बाबांच्या बाजूने 'वधूचं वय: वरापेक्षा कमी', आईच्या बाजूने 'वराचं उत्पन्न: वधूपेक्षा जास्त'. दोन्ही अटी घरच्यांनी न विचारताच भरल्या असत्या, कारण त्यात विचारण्यासारखं काय आहे? आणि दोघांची प्रोफाईल्स एकाच सर्व्हरवर, कदाचित एकाच टेबलात, शेजारी शेजारी पडून राहिली असती. कुणी कुणाला नाकारलं नसतं, कारण नाकारायला आधी दिसावं लागतं. त्या फिल्टरमध्ये मी जन्मलेच नसते, मंडळी!

पत्रिकेचंही तेच. गुणमेलन हा तर कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीचा अल्गोरिदम. आठ कूटं, वर्णाला एक गुण इथपासून नाडीला आठ गुण इथपर्यंत, एकूण छत्तीस. अठरा आले की पास. माझा यावर विश्वास नाही, पण गुरुजींच्या हातात होतं तेव्हा त्यात जरा फट असायची. "एकनाड आहे हो, पण चरण वेगळे आहेत, चालेल." गुरुजींना दोन्ही घरं माहीत असायची, मुलगा-मुलगी मनाने तयार आहेत हेही कळायचं, आणि शास्त्रातून वाट काढायची सोय त्यांनी ठेवलेली असायची. आता मोबाईलवर जन्मवेळ टाकली की सेकंदात आकडा येतो, फुकटात. सतरा. लाल रंगात. सतराशी वाद कोण घालणार? आणि फुकटात येतो म्हणून ज्यांच्या घरात कधी पत्रिका बघत नव्हते तेही 'बघून तर ठेवू' म्हणतात.

माझाच अनुभव सांगते. मागच्या वर्षी मी अठ्ठावीस वर्षांची झाले. त्याआधी आठवड्याला दहा-बारा जणांकडून विचारणा यायची. वाढदिवसानंतरच्या आठवड्यात तीन. त्यानंतरच्या आठवड्यात चार. आईला वाटलं फोटो जुना झाला, बाबांना वाटलं सबस्क्रिप्शन संपलं. मी मात्र मनातल्या मनात क्वेरी वाचली: वय २३ ते २७. दुसरं कारण मला तरी सापडत नाही. रात्री झोपले तेव्हा मी त्या यादीत होते, सकाळी उठले तेव्हा नव्हते. दरम्यान माझ्यात काय बदललं? काही नाही हो, केक तेवढा खाल्ला होता.

आता यातली खरी बोच सांगते. त्या पोरांपैकी कुणीही 'अठ्ठावीसची मुलगी नको' असं ठरवून म्हटलेलं नसणार. प्रत्यक्ष भेटलो असतो, तास-दोन तास गप्पा झाल्या असत्या आणि मग वय कळलं असतं तर बहुतेक जण म्हणाले असते, "बरं मग?" पण फॉर्म भरताना कुणाच्यातरी आईने स्लायडर सत्तावीसवर सोडला. सव्वीस नको, तीस फार वाटतात, म्हणून सत्तावीस. अर्ध्या सेकंदाचा निर्णय. आमच्याकडे कोड रिव्ह्यूमध्ये असा आकडा दिसला की पहिला प्रश्न येतो, हा कुठून आला? लग्नाच्या बाजारात हा प्रश्न कुणीच विचारत नाही.

अशा चाळण्या कडक झाल्या की माणसं काय करतात? चाळणीच्या मापाची होतात. ओके-क्युपिड या डेटिंग संकेतस्थळाने २०१० साली स्वतःचाच डेटा तपासून लिहिलं होतं की त्यांच्याकडचे पुरुष उंची साधारण दोन इंच वाढवून सांगतात. आपल्याकडे वेगळं काय असणार! माझ्या टीममधला एक जण पाच फूट चार इंच आहे. हरिश्चंद्रगड त्याने आठ वेळा केलाय, मिसळ अशी करतो की ऑफिसचं अख्खं पॉटलक त्याच्या डब्याभोवती जमतं. त्याच्या काकांनी परस्पर त्याला पाच-सहा करून टाकलं. भेटायला गेल्यावर मुलीच्या भावाने दारातच त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. ते लग्न उंचीमुळे मोडलं नाही, खोटं बोललात म्हणून मोडलं. आणि खोटं का बोलले, तर खरं बोलून दारापर्यंत पोचताच येत नव्हतं.

इथे कुणीतरी म्हणेल, "काय उगाच इंटरनेटला नावं ठेवतेस? जात, वय, उंची लोक आधीही बघत होतेच की." एकदम मान्य. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१३ सालचा एक निबंध आहे, तो इंटरनेटवर नाही, बंगाली वर्तमानपत्रातल्या लग्नाच्या जाहिरातींवर आहे. वधूपक्ष जातीबाहेर जाणं टाळण्यासाठी किती सोडायला तयार होता? एम. ए. झालेला आणि अजिबात न शिकलेला यांच्यात जेवढा फरक, तेवढा! पण त्यातला पुढचा निष्कर्ष मला जास्त महत्त्वाचा वाटला. जातीच्या आतच राहण्याची लोकांना प्रत्यक्षात फारशी किंमत मोजावी लागत नाही, कारण शिक्षण, नोकरी, रूप यांत साजेसं स्थळ जातीच्या आतही सापडतंच.

आता हे इंटरनेटला लावून बघा. पूर्वी तुमच्या गावात, तुमच्या पोटजातीत, तुमच्या वयाची पाच स्थळं असायची. त्यातली दोन नात्यातली, एक परगावी गेलेलं. मग नाइलाजाने का होईना, माणूस कुंपणावरून पलीकडे डोकवायचा. कोकणस्थ देशस्थाकडे, पुण्याचे नागपूरकडे. आत्याचा 'पण' चालायचा तो थोडा या टंचाईवरच. इंटरनेटने ती टंचाई संपवली. पुणे, बंगळूर, न्यू जर्सी, सिडनी, सगळीकडची त्याच पोटजातीची, त्याच उंचीची, त्याच पगाराची मुलं एका स्क्रीनवर. कुंपण होतं तिथेच आहे, आतली जमीन मात्र जगभर पसरली. २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय लग्नांचं प्रमाण सुमारे ५ टक्के होतं. तेव्हा या संकेतस्थळांना दीड दशक होऊन गेलं होतं. नुसतं जास्त लोक दिसायला लागल्याने आपण जास्त वेगळ्या लोकांशी लग्न करू, हे गणित काही जमलं नाही.

बरं, डेटिंग अ‍ॅप्सचं काय? टिंडर २०१२ साली आलं, बंबल २०१४ साली, भारतात २०१८ च्या अखेरीला. त्यात जातीचा रकाना नाही, नाव बहुधा पहिलंच असतं. आणि तरी तिसऱ्या-चौथ्या मेसेजला, "बाय द वे, आडनाव काय तुझं?" नक्षत्राचा रकाना गेला, त्याच्या जागी फोटो आला, एवढंच. अंगठ्याने डावीकडे सरकवताना पण-बिण म्हणायला वेळ कुणाला आहे?

तरीही मी इंटरनेटला शिव्या घालणार नाही, आणि हे मनापासून सांगते. ज्यांचा बाजार मुळातच लहान, त्यांचं इंटरनेटने खरोखर भलं केलंय. रोझेनफेल्डच्याच पाहणीत २०१७ साली अमेरिकेतल्या समलिंगी जोडप्यांपैकी सुमारे ६५ टक्के ऑनलाईन भेटलेली होती. आपल्याकडे तर ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येईपर्यंत अशा माणसांनी उघडपणे भेटावं तरी कुठे? घटस्फोटित, विधवा, विधुर, अपंग, पन्नाशीनंतर सोबत शोधणारे, यांच्यासाठी कुठल्याही आत्याने कधी 'पण' म्हटला नव्हता. उलट आत्याच दार लावून घ्यायच्या. तेव्हा आत्यांचं राज्य परत आणा असं माझं म्हणणं अजिबात नाही. त्यांचा तेवढा एक शब्द परत आणा.

तो कसा आणायचा? इंजिनिअरच्या डोक्यातून तीन उपाय निघतात, पटले तर घ्या.

पहिला: 'व्हेअर' कमी करा, 'ऑर्डर बाय' वाढवा. 'व्हेअर' नोंद काढून टाकतं, 'ऑर्डर बाय' फक्त क्रम लावतं. आवडीचं वर, कमी आवडीचं खाली, पण सगळं यादीत. खुणेची चौकट टाकण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा. हा माणूस समोर बसलाय, गप्पा रंगल्यात, आणि आत्ता ही गोष्ट कळली तर मी उठून जाईन का? उत्तर 'हो' असेल तर तो फिल्टर. नसेल तर ती नुसती आवड. माझे असे खरेखुरे फिल्टर तीन निघाले: दारू पिऊन गाडी चालवणारा नको, माझी नोकरी सुटावी अशी इच्छा असणारा नको, आणि हुंडा हा शब्द 'रीतभात' म्हणून उच्चारणारं घर नको. गंमत म्हणजे यातल्या एकाचाही रकाना फॉर्ममध्ये नाही.

दुसरा खास मुलींसाठी: आधी स्वतः विचारा. १९६२ साली गेल आणि शॅप्ली या दोन गणितज्ञांनी जोड्या लावायचा एक अल्गोरिदम मांडला (शॅप्लींना २०१२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं). त्यात सिद्ध झालेली गोष्ट अशी की जी बाजू पुढाकार घेऊन विचारते, तिच्या वाट्याला शक्य त्यातल्या चांगल्या जोड्या येतात. जी बाजू बसून राहते आणि आलेल्यांतून निवडते, तिच्या वाट्याला त्या मानाने कमी चांगल्या. तुम्ही म्हणाल, आपल्याकडे मुलीचे वडीलच चपला झिजवत फिरायचे की! फिरायचे, पण यादी मुलीची नसायची. अट एवढीच आहे, यादी आपली हवी.

तिसरा उपाय आमच्या घरी सध्या चालू आहे. बाबांचे फिल्टर बाबांकडे, मी त्यावर वाद घालत नाही. पण दर रविवारी चहाच्या वेळी त्यांनी एक असं प्रोफाईल दाखवायचं जे त्यांच्या फिल्टरमध्ये बसत नाही, आणि ते दाखवताना वाक्यात 'पण' आलाच पाहिजे. सुरुवातीला फार जड गेलं त्यांना. पहिल्या रविवारी म्हणाले, "नाशिकचा आहे, पण... नाशिकचाच आहे." आता सरावलेत. गेल्या रविवारी म्हणाले, "जात वेगळी आहे गं, पगारही तुझ्याहून कमी आहे. पण लिहिलंय बघ काय सुरेख." आणि चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी मला पूर्ण परिच्छेद वाचून दाखवला. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "परत वाचा हो, मला नीट ऐकू नाही आलं."

जमेल की नाही, माहीत नाही. त्याला विचारणा मी पाठवली आहे, उत्तर अजून आलेलं नाही. न येणंही शक्य आहे. अठ्ठावीस त्याच्याही कुणीतरी लावलेल्या चौकटीबाहेर असेल. पण या खेपेला निदान एका बाजूने तरी कुणीतरी कुणाला पाहिलं.

असो. चहा गार झाला. तुमच्याही घरी 'बघणं' चालू असेल तर आज जेवणानंतर एकदा त्या फिल्टरच्या पानावर जा, आणि प्रत्येक आकड्याला विचारा, बाबा रे, तू कुठून आलास?